डिचोली तालुक्यातील एका बंद लोहखाणीची जमीन: प्रकरण अभ्यास

या प्रकरणाविषयी

हे प्रकरण उत्तर गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका गावाचे आहे. गावाचे, लीजधारक (खाणपट्टा असलेल्या) कंपनीचे आणि संबंधित माणसांचे नाव येथे दिलेले नाही. सर्व्हे क्रमांक आणि क्षेत्रफळेही वगळली आहेत. खाण थांबल्यावर गावाच्या पदरात तीन गोष्टी उरल्या: पाण्याने भरत चाललेला खंदक, उतारावरचा मातीचा डंप आणि पायथ्याची गाळाने भरलेली भातशेती. या तिन्हींचे काय करायचे हे गावाने कसे ठरवले, कोणत्या टप्प्यावर विचार बदलला आणि त्यातून काय साधले, एवढाच या लेखाचा विषय आहे. खाणी पुन्हा सुरू व्हाव्यात की होऊ नयेत, हा वाद यात घेतलेला नाही. मात्र त्या वादाचे सावट प्रत्येक बैठकीवर होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. प्रस्तुत लेखक गावाच्या समितीच्या बैठकांना भूगर्भशास्त्राचा अभ्यासक म्हणून उपस्थित राहत असे.

पार्श्वभूमी

गोव्याचा लोहखनिजाचा पट्टा डिचोली आणि सत्तरीपासून धारबांदोडा, सांगे व केपे तालुक्यांपर्यंत सुमारे 95 किलोमीटर पसरला आहे. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाण-सवलतींचे 1987 च्या केंद्रीय कायद्याने लीजांत रूपांतर झाले, आणि मूळ सवलतीच लहान असल्यामुळे बहुतेक लीजांचे क्षेत्र शंभर हेक्टरच्या आत राहिले. कागदावर ही बाब किरकोळ वाटते, पण जमिनीवर तिचे परिणाम मोठे झाले. एक टन खनिजामागे साधारण दोन ते तीन टन माती आणि जांभा बाजूला टाकावा लागतो. लीज लहान, खंदकाच्या तळाशी खनिज अजून शिल्लक, म्हणून खंदक भरून घेता येत नाही. मग ती माती टेकडीच्या उतारावर, पुष्कळदा लीजच्या हद्दीबाहेरच्या जमिनीतही, रचली जाते. 2010-11 मध्ये गोव्यातून 5 कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले. त्या तेजीच्या काळात वाढलेले डंप आज गावांच्या डोक्यावर उभे आहेत.

बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेल्यावर 10 सप्टेंबर 2012 रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. 21 एप्रिल 2014 च्या निकालात न्यायालयाने लीजांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 रोजीच संपली असल्याचे ठरवले, उत्खननावर वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली आणि लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकता येणार नाही हे स्पष्ट केले. त्यानंतर काही लीजांवर काम सुरू झाले खरे, पण 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून काम पूर्णपणे बंद पडले.

आपल्या प्रकरणातले गाव एका टेकडीच्या उतारावर आहे. टेकडीच्या माथ्यावर जांभ्याचा सडा (खडकाळ पठार), कडेला काजूची झाडे, आणि सड्यावर पावसाळी गवत, ज्यावर गावची गुरे पोसली जात. सड्याच्या खाली एक झर होती, तिच्यावर सुपारीची कुळागरे (बागा) होती, आणि त्याखाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही बाजूंना भातशेती. पावसाळ्यात सरद, आणि हिवाळ्यात व्हाळाला मातीचे बांध घालून वायंगण, अशी दोन पिके येत. शेतजमीन बहुतांशी कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीच्या संस्थेची) आणि काही भाटकारांची (जमीनदारांची), कसणारे कूळ.

खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला तसे पंप रात्रंदिवस चालू लागले. आधी झर आटली, मग विहिरी उतरल्या, मग कुळागरातल्या माडांचे आणि पोफळींचे शेंडे सुकू लागले आणि वायंगण बंद झाले. डंप वाढला तसा पावसाळ्यात लाल गाळ शेतात उतरू लागला. कंपनी त्याबद्दल दरवर्षी नुकसानभरपाई देत असे आणि गावात टँकरने पाणी पुरवत असे. पुष्कळ घरांनी खनिज वाहण्यासाठी कर्ज काढून ट्रक घेतले होते. शेती गेली तरी घर चालत होते, हे नमूद केल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही.

प्रश्न नेमका काय होता

2018 च्या मार्चात पंप थांबले आणि टँकर व नुकसानभरपाई दोन्ही बंद झाली. ट्रक दारात उभे राहिले. दोन पावसाळ्यांत खंदक निम्म्याहून अधिक भरला. 2019 च्या पावसाळ्यात डंपाच्या पायथ्याचा चर तुंबून फुटला आणि गाळाचा लोट व्हाळात उतरून शेतांवर पसरला. व्हाळाच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यांत गाळ गुडघाभर होता. दूरच्या शेतांत तो बोटभरच होता.

गावाची पहिली मागणी साधी होती: खाणीआधी जमीन जशी होती तशी करून द्या. ग्रामसभेत ती एकमताने मंजूर झाली. पण तिचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. कुळागरवाल्यांना झर हवी होती, शेतकऱ्यांना गाळ काढून हवा होता, गुरे असणाऱ्यांना सडा हवा होता, आणि ज्यांची मुले खंदकाच्या काठी खेळत त्यांना खंदक बुजवून हवा होता. ट्रकमालकांना भीती अशी की जमिनीचे पुनरुज्जीवन एकदा सुरू झाले की खाण कायमची गेली. या गटाला बाहेर ठेवून समिती चालली नसती, कारण उत्खनन यंत्रे, ती चालवणारी माणसे आणि डंपाची खडानखडा माहिती त्यांच्याचकडे होती. समितीने आपल्या पहिल्या ठरावात लिहून ठेवले की हे काम पाणी, गाळ आणि सुरक्षितता यांपुरते आहे आणि खाणीच्या भवितव्याबाबत ते कोणतीही बाजू घेत नाही. ट्रकमालकांचे दोन प्रतिनिधी समितीत आले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय होता आणि तो तांत्रिक नव्हता.

समोर आलेले पर्याय

*डंपावर वृक्षलागवड.* 2003 पासून खाण नियमांत टप्प्याटप्प्याची आणि अंतिम अशी खाण बंद करण्याची योजना, तसेच त्यासाठी आर्थिक हमी, बंधनकारक आहे. या लीजच्या योजनेत भर होता तो डंपावर झाडे लावण्यावर. डंपाच्या जुन्या भागावर पूर्वी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी होतीच. ही बाभूळ निकृष्ट मातीत झपाट्याने वाढते आणि दुरून डोंगर हिरवा दिसतो, हा तिचा गुण. पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि तिच्याखाली दुसरे फारसे काही उगवत नाही; पावसाचे पाणी तिच्या बुंध्यांमधून घळी पाडतच खाली येत होते. जुन्या भागाखालच्या शेतांतही गाळ होताच, ही गोष्ट समितीला निर्णायक वाटली.

*डंप परत खंदकात भरणे.* गावाचा सर्वाधिक कल याकडे होता आणि न्यायाच्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. अडचणी तीन होत्या. पहिली मालकीची: लीज रद्द झाल्यावर डंपाला हात लावण्याचा अधिकार ना कंपनीला होता ना पंचायतीला. शिवाय एकेकाळी टाकाऊ ठरलेल्या मातीत कमी प्रतीचे खनिज असते, चीनच्या मागणीच्या काळात त्यालाही भाव आला होता, आणि त्यामुळे शासन डंपाकडे खनिजसाठा म्हणून पाहते. दुसरी अडचण खर्चाची आणि यंत्रांची. तिसरी अडचण गावाला सर्वांत उशिरा पटली, पण तीच सर्वांत महत्त्वाची होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

डिचोलीच्या या टेकड्यांत पाणी दोन थरांत साठते. वरचा थर जांभ्याचा. तो सच्छिद्र असतो, पाऊस शोषतो आणि त्याच्याखाली चिकणमाती लागते तिथे झरीच्या रूपाने पाणी बाहेर सोडतो. दुसरा थर चिकणमातीच्या खाली असतो, आणि तो म्हणजे भुसभुशीत, पुडीसारखे लोहखनिज. म्हणजे जे खोदून जहाजात भरले तोच गावाचा खोलवरचा पाणीसाठा होता. आता त्या पोकळीत डंपावरची चिकणमाती भरली तर खड्डा बुजेल, पण पाणी धरणारा आणि वाहून नेणारा थर परत येणार नाही. उलट वर्षानुवर्षे खचत राहणारी, पावसाळ्यात दलदल होणारी जमीन तयार होईल.

*खंदक पाणीसाठा म्हणून राखणे.* उन्हाळ्यात ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी कमी पडू लागते तेव्हा खाणखंदकांतले पाणी नदीत सोडण्याचा मार्ग गोव्यात वापरला गेला आहे, आणि साखळीजवळच्या जुन्या खंदकांत मत्स्यपालनही झाले आहे. त्यामुळे कल्पना नवी नव्हती. धोका होता तो काठांचा. वरती जांभ्याचा उभा कडा आणि खाली पाण्याने मऊ झालेली चिकणमाती, अशी भिंत केव्हा घसरेल याचा भरवसा नसतो.

*काहीच न करणे.* हा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, पण न्यायालय, अधिवेशन आणि निवडणूक यांकडे डोळे लावून बसण्यात तो अनेक महिने प्रत्यक्षात अमलात होताच.

निर्णय आणि त्याची कारणे

समितीने 2019 च्या दिवाळीनंतर व्हाळाच्या मुखापासून डंपाच्या माथ्यापर्यंत चढत जाऊन पाहणी केली आणि गाळ कुठून सुटतो, कुठे थांबतो आणि कुठे वळवता येईल याचा हाताने नकाशा काढला. तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत कोसळणाऱ्या प्रदेशात पाण्याची वाट आधी ठरली नाही तर माती टिकत नाही, आणि माती टिकली नाही तर रोप टिकत नाही. म्हणून कामाचा क्रम असा ठरला: पहिल्या उन्हाळ्यात फक्त चर, गाळ बसवण्याची तळी आणि खंदकाचा सांडवा, उतार नंतर, शेत त्यानंतर, आणि झाडे सगळ्यांत शेवटी.

या क्रमाला विरोध झाला. लागवडीचा कार्यक्रम जून-जुलैत झाला की छायाचित्रे निघतात, रोपांची संख्या अहवालात जाते. चर खणण्याचे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कंपनीच्या प्रतिनिधींनाही लागवडच सोयीची होती, कारण योजनेत तीच लिहिलेली होती. अखेर पावसाळ्यापूर्वी डंप सुरक्षित राखण्याची जबाबदारी आपली आहे हे कंपनीने मान्य केले आणि पहिल्या उन्हाळ्यातला खर्च तिने उचलला.

खंदकाबाबतचा निर्णय मात्र लगेच झाला नाही. बुजवण्याची मागणी ग्रामसभेच्या ठरावात होती आणि समितीला तो ठराव मोडण्याचा अधिकार नव्हता. समितीने एक काम केले: गावातल्या विहिरींची पातळी दर पंधरवड्याला मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली. मोजण्याचे काम वरच्या वर्गातल्या मुलांनी आणि एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी केले. दोन उन्हाळ्यांच्या नोंदी समोर आल्या तेव्हा दिसले की खंदकातले पाणी जसे चढले तशा खालच्या वाड्यातल्या खोल विहिरी भरल्या, पण झर कोरडीच राहिली. कारण उघड होते. खोल विहिरींचा संबंध खनिजाच्या थराशी होता आणि पंप थांबताच तो थर पुन्हा भरू लागला. झरीला पाणी देणारा जांभ्याचा माथा मात्र कापून नेलेला होता. खंदक बुजवला तर या विहिरींचे काय होईल, हा प्रश्न मग बाहेरून कोणाला विचारावा लागला नाही. एका वयस्क शेतकरी बाईंनी ग्रामसभेतच तो विचारला आणि त्यानंतर ठराव बदलला.

झर परत येणार नाही हे सांगणे सर्वांत कठीण गेले. कुळागरवाल्यांपैकी काहींनी तो आपल्याशी झालेला दगा मानला. समितीने त्यांना खंदकातून पाटाने पाणी देण्याचा प्रस्ताव ठेवला, परंतु बारमाही वाहत्या झरीची जागा पंपाचे पाणी घेत नाही हेही खरे आहे.

प्रत्यक्ष काम

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे काम उशिरा सुरू झाले, तरी पावसाआधी डंपाच्या पायथ्याला चिऱ्यांची भिंत, तिच्या आतून चर आणि चराच्या शेवटी एकापुढे एक तीन तळी एवढे पुरे झाले. पहिल्या तळ्यात जड रेती बसते, दुसऱ्यात माती, आणि बारीक चिकणमाती तिसऱ्यातही पूर्ण बसत नाही. म्हणून तिसऱ्याच्या सांडीवर काथ्याच्या गुंडाळ्या आणि दगडांचा गाळणबांध घातला. ही तळी दर हंगामात रिकामी करावी लागतात.

खंदकाचा सांडवा डंपाच्या विरुद्ध बाजूला, घट्ट जांभ्यात कापला. काठ भरून वाहू लागला तर पाणी सर्वांत खालच्या जागेतून वाट काढणार, आणि ती जागा डंपाला लागून होती. सांडवा नसता तर एखाद्या जुलैत खंदकच डंपाला खाली घेऊन आला असता. पाणी उपसण्याबाबत एक नियम घालून घेतला, तो असा की उन्हाळ्यात पातळी हळूहळूच उतरवायची. मऊ भिंतीत मुरलेले पाणी बाहेर यायला वेळ लागतो. खंदक झपाट्याने रिकामा केला तर बाहेरचा आधार जातो आणि भिंतीतला दाब तिला आत ढकलतो. काठावर करवंद आणि घायपात यांचे कुंपण केले आणि उतरण्यासाठी एकच पायवाट ठेवली. चवथीला गणपती विसर्जन खंदकात करण्याची मागणी आली होती. काठाच्या अवस्थेमुळे ती नाकारून विसर्जन व्हाळावरच ठेवले.

उताराचे काम पुढच्या दोन वर्षांचे. सैल मातीचा डंप आपोआप सुमारे 37 अंशांच्या उतारावर थांबतो. तो पायऱ्या कापून बराच सौम्य केला आणि प्रत्येक पायरीला आतल्या बाजूला किंचित कल दिला, म्हणजे पाणी कडेवरून न पडता आतल्या चरातून खाली येते. उघड्या उतारावर काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आणि पायऱ्यांच्या कडेने वाळा लावला. गवताचे बी विकत आणण्याऐवजी जवळच्या शिल्लक सड्यावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात महिलांच्या स्वयंसहाय्य गटांनी गोळा केले. खाणीआधी त्या जागी रान नव्हते, गवताचा सडा होता, म्हणून माथ्याच्या सपाट भागावर झाडे लावायची नाहीत असेही ठरले. सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत रुजवण्याची अट लीजांना घालण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. त्या निर्देशाचा आधार चराईसाठी भांडणाऱ्या गुरेवाल्यांना चांगला उपयोगी पडला. दोन हंगाम चराई बंद आणि गवत कापून नेण्यास मोकळीक, अशी तडजोड झाली.

झाडे तिसऱ्या हंगामात, खालच्या पायऱ्यांवर लावली: किंदळ, ऐन, जांभूळ, कुंभा, भिरंड आणि पायथ्याला माणगा बांबू. डंपाच्या मातीत सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो आणि मुळांशी सहजीवन करणारी बुरशीही नसते. म्हणून खड्ड्यात शेणखतासोबत जवळच्या रानातली मूठभर माती टाकली. जुनी बाभूळ एकदम तोडली नाही. तिचे पट्टे विरळ करून मधे देशी रोपे घातली, कारण ती काढली असती तर उतार पुन्हा उघडा पडला असता.

शेताचे काम सर्वांत चिवट निघाले. गाळ गुडघाभर होता तिथे तो यंत्राने काढून डंपाच्या पायऱ्यांवर नेला. बोटभर होता तिथे नांगरून मिसळला. या गाळात लोह भरपूर असते. भातात पाणी साचून राहिले की ते विरघळणाऱ्या रूपात येते, मुळांत जाते आणि पाने तांबूस पडून वाढ खुंटते. त्यामुळे आधी निचऱ्याचे चर, मग चुना, मग धैंचा (हिरवळीच्या खताचे पीक) गाडणे, आणि लावणीनंतर अधूनमधून पाणी सोडून शेत सुकवणे, असा क्रम कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठेवला. गाळ काढण्यास संमती कोणाची घ्यायची, जमीनमालकाची की कुळाची, हा प्रश्न काही सर्व्हे क्रमांकांत अडला. ज्यांची कूळ म्हणून नोंद पक्की नव्हती त्यांना भीती वाटे की कागदावर मालकाची सही आली की आपला हक्क गेला. समितीने अखेर दोघांच्या स्वतंत्र ना-हरकत पत्रांचा नमुना केला, ज्यात या कामाचा हक्कांच्या नोंदीशी संबंध नाही असे वाक्य होते. त्यावर सह्या मिळेपर्यंत एक अख्खा हंगाम गेला.

2022 च्या मे महिन्यात राज्य सरकारने जुन्या लीजधारकांना जागा रिकामी करण्याचे आदेश दिले आणि ऑक्टोबरात उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा नाकारला. कायद्याच्या दृष्टीने हे योग्यच होते, पण गावासमोर नवा प्रश्न उभा राहिला: तळ्यांतला गाळ आता कोण काढणार? कंपनीची माणसे आणि यंत्रे गेली होती. पंचायतीने 2015 च्या खाण कायदा दुरुस्तीनंतर खाणबाधित भागांसाठी आलेल्या जिल्हा खनिज निधीकडे प्रस्ताव पाठवला. तो मंजूर होईपर्यंत एका उन्हाळ्याचे गाळ काढण्याचे काम ट्रकमालकांनी आपली यंत्रे आणि गाड्या लावून, केवळ डिझेलच्या खर्चात, केले.

परिणाम

2020 नंतर डंपावरून शेतात गाळाचा लोट आलेला नाही. बारीक चिकणमातीमुळे व्हाळ पहिल्या पावसात अजून लाल वाहतो, पण जाड गाळ तळ्यांत थांबतो. खोल विहिरींना मेच्या अखेरीपर्यंत पाणी राहते. माथ्यावर गवत धरले आहे, जरी ते जुन्या सड्याच्या तोडीचे नाही. पावसाळ्यात फुलणाऱ्या लहान वनस्पतींपैकी थोड्याच तिथे आल्या आहेत.

सरदीचे भात जवळजवळ सर्व साफ केलेल्या शेतांत पुन्हा लावले जाते, बहुतेक ज्योती वाणाचे. व्हाळाच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यांत पाने अजून तांबूस पडतात. वायंगण मात्र थोड्याच कुटुंबांनी परत धरले. पाणी उपलब्ध झाले तरी इतकी वर्षे पडीक राहिलेल्या जमिनीकडे गवे आणि रानडुकरे वळली आहेत आणि बांध घालणारी, तरवा (भाताची रोपे) काढणारी माणसे घरात उरलेली नाहीत. सौर कुंपण आणि लावणीयंत्र यांनी काही प्रमाणात मदत झाली.

खंदकात मासे सोडण्याचा विचार पुढे ढकलला आहे, कारण पाण्यातले मँगनीज हंगामाप्रमाणे बदलते आणि एका चाचणीवर निर्णय घेऊ नये असे समितीचे मत पडले. झर कोरडी आहे. कुळागरांपैकी निम्मी पाटाच्या पाण्यावर उभी आहेत, बाकीच्यांत काजू लागला आहे.

वेगळे काय करता आले असते

विहिरींच्या नोंदी खाण चालू असतानाच ठेवल्या असत्या तर खंदकाचा निर्णय दोन उन्हाळे आधी झाला असता. मोजपट्टी आणि वही यांपलीकडे त्याला काही लागत नाही; ज्या गावांजवळ आज नव्याने खाणी सुरू होत आहेत त्यांनी हे काम उद्याच हाती घ्यावे, एवढे आग्रहाने सांगावेसे वाटते.

ना-हरकत पत्रांचे काम गाळ काढण्याच्या वेळी सुरू झाले. ते चर खणण्याच्या हंगामातच हाती घेतले असते तर एक भातपीक वाचले असते. आणि समितीत कुळागरवाल्यांचा प्रतिनिधी सुरुवातीपासून असायला हवा होता. त्यांचा विषय झरीचा, म्हणून पाण्याच्या चर्चेत तो आपोआप येईल असे गृहीत धरले गेले, आणि झर परतणार नाही हे त्यांना तयार निष्कर्ष म्हणून ऐकावे लागले. तेच विहिरीच्या नोंदींत पहिल्या दिवसापासून असते तर कडवटपणा कमी झाला असता.

काढलेली सुपीक माती हा मुद्दा गावाच्या हाती नव्हता, पण नोंदवण्याजोगा आहे. सड्यावरचा मातीचा थर मुळातच पातळ असतो. खाण सुरू करताना तो वेगळा काढून ठेवला असता तरी वर्षानुवर्षे ढिगात पडून त्यातले जीवाणू आणि बी मरतात. तो लगेच जुन्या, संपलेल्या उतारावर पसरणे हाच उपाय, आणि त्यासाठी पुनरुज्जीवनाची आखणी खोदाईच्या पहिल्या वर्षातच व्हावी लागते.

सर्वांत अनिश्चित बाब डंपाची आहे. 2022 च्या डिसेंबरात लिलाव सुरू झाले तेव्हा पहिल्या गटांपैकी बहुतेक डिचोली तालुक्यातले होते, आणि डंपांतले कमी प्रतीचे खनिज उचलण्याचे धोरणही शासनाने आणले आहे. गवत आणि किंदळ धरलेला हा डंप पुन्हा उकरला जाऊ शकतो. तो उकरू नये अशी गावाची एकमुखी मागणी नाही. ट्रकमालकांना त्यात काम दिसते आणि डंपच गेला तर धोकाही जाईल असे काही शेतकऱ्यांनाही वाटते. यावर ग्रामसभेने ठराव केला आहे की डंपाला हात लावायचा असल्यास पायथ्याची भिंत आणि तळी शेवटपर्यंत जागेवर राहावीत, ऑक्टोबर ते मे याच काळात काम व्हावे, उघडा केलेला प्रत्येक भाग त्याच उन्हाळ्यात जाळी आणि गवताने झाकावा, आणि तळ्यांतला गाळ काढण्याचा खर्च काम सुरू होण्याआधी पंचायतीकडे जमा असावा. हा ठराव खाण खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलेला असून तो नव्या परवान्याच्या अटींत यावा यासाठी समितीचा पाठपुरावा चालू आहे.